घेण्यास नकार

३ ऑगस्ट, सोमवार

धाकटे,

पाकिटावरचं अक्षर बघूनच तुझं डोकं फिरलं असेल. फिरू दे. आधी वाच, मग हवं तर फाड, जाळ, काय वाटेल ते कर. फोन तू उचलत नाहीस, आणि चुकून उचललास तर माझं "हॅलो" ऐकलं की ठेवतेस, म्हणून हातात कागद घेतला. अकरा वर्षांत तुझ्याकडे काही मागितलं नाही, आताही मागत नाहीये.

काम साधं आहे. आईचं शिवणाचं मशीन माझ्याकडे नुसतं पडून आहे. दिवसभर कारखान्यात शर्ट बघून आल्यावर घरी कोण शिवतंय? तुला हवं असेल तर तुझे भावजी आणून टाकतील. बस चालवून चालवून त्यांची कंबर गेलीय, पण तुझ्यासाठी उचलतील. तुझ्यावर त्यांचा पहिल्यापासून जीव. नको असेल तर तसं कळव. नुसतं "नको" एवढंच लिहिलंस तरी चालेल.

मी आता शिलाईवर नसते, तपासणीच्या टेबलावर असते. शिवून झालेला शर्ट पुढ्यात येतो, तो उलटासुलटा करून बोटांनी चाचपायचा. टाका सुटलाय का, शिवण वळलीय का, आत काही राहिलंय का. दिवसाला चारशे शर्ट. डोळे मिटून सांगते कुठे काय चुकलंय ते.

जूनमध्ये कारखान्याच्या फाटकाशी बायकांच्या छातीच्या तपासणीची गाडी आली होती. साहेब म्हणाले, चाळिशीच्या वरच्या सगळ्यांनी जायचं आणि जुन्यांनी आधी जायचं, म्हणजे नव्या लाजणार नाहीत. म्हणून मला पुढे ढकललं. एवढीशी गाडी, आत दोन थंडगार फळ्यांचं मशीन. एकेक बाजू त्यात ठेवून दाबतात आणि वर म्हणतात, हलू नका, श्वास धरा. बटणं लावणारी बाहेर आली ती ओरडतच, "बाई गं, पार इस्त्री केली माझी!" सगळ्याजणी खो-खो हसल्या. मीही हसले.

परवा त्यांचा फोन आला. एक फोटो नीट आला नाही म्हणे, मोठ्या दवाखान्यात या, परत काढू. हलले असेन मी. एका जागी स्वस्थ बसणं मला कधी जमलंय?

मशीनचं तेवढं कळव.

ताई

तू ही तपासणी कधी केलीयस का? सहज विचारतेय.


१४ ऑगस्ट, शुक्रवार

धाकटे,

तुझं उत्तर नाही. मशीनचं मरू दे. मशीन हा बहाणा होता, आणि तू तो ओळखला असशीलच. मला भीती वाटतेय. एवढं लिहायला मला अकरा दिवस लागले.

काल गेले होते. फोटो हलला वगैरे काही नव्हतं. तिथे एका लांबट खोलीत आम्ही सहाजणी निळे गाऊन घालून बसलो होतो, कपडे मांडीवर घडी करून. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. माझ्या गाऊनचा एक बंद उसवलेला होता, मी हाताने तो धरून बसले होते. समोर टीव्हीवर आवाज बंद करून बातम्या चालू. एकीचं नाव पुकारलं की बाकीच्या पाचजणी पाय आखडून तिला वाट देत होत्या.

परत त्या फळ्या. ह्या वेळी एकच बाजू, डावी. तीनदा. तिसऱ्यांदा एवढं दाबलं की डोळ्यांसमोर काजवे चमकले. मग सोनोग्राफी. डॉक्टरीणबाई चांगली बडबडी होती. कुठे काम करता, मुलं किती, उकडतंय ना, असं चाललं होतं. आणि एका जागी आल्यावर गप्प झाली. तिथूनच पुन्हा पुन्हा फिरवत राहिली आणि दुसऱ्या हाताने बटणं दाबून काहीतरी मोजत राहिली. ते गप्प होणं मला कळतं गं. मी पण टेबलावर बटणवालीशी गप्पा छाटत असते, आणि हाताला काही लागलं की अश्शीच गप्प होते.

म्हणाली, "घाबरू नका. सुई घालून थोडा तुकडा काढू, तपासायला पाठवू." बायोप्सी म्हणतात त्याला. २० तारीख दिलीय.

तुझे भावजी बाहेर माझी पर्स पोटाशी धरून बसले होते. मी सांगितलं तर म्हणतात, "तुझ्यातनं तुकडा काढायचा म्हणजे त्यांची सुई मोडणार, बघ." हसले नाहीत मात्र. घरी येईपर्यंत तीन वेळा विचारलं, "पाणी पितेस का?"

काल दुपारी तुझ्या घरच्या फोनवर फोन केला. तुझ्या लेकीने उचलला. तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "कोण बोलतंय?" म्हणाली. मग रिसीव्हर बाजूला करून, "आई, कुणीतरी बाई आहे, बोलतच नाहीये." मी "रॉंग नंबर" म्हटलं आणि ठेवला. मावशी आहे म्हणायला तोंड उघडलं होतं, पण तू मागे उभी होतीस.

तुला एक सांगायचंय आणि ते फोनवर सांगण्यासारखं नाही. जूनमध्ये गाडीतल्या नर्सने फॉर्म भरताना विचारलं होतं, "आई, बहीण, मावशी, कुणाला छातीचा कॅन्सर होता का?" मागे बायकांची रांग उभी होती. मी फाडकन "नाही" म्हटलं. तिने "नाही" लिहिलं, मी खाली सही ठोकली. घरी येऊन कपडे बदलताना एकदम लक्षात आलं, की आपण हे काय बोललो.

पत्राचं उत्तर दे. शिव्या दे, पण दे.

ताई


१९ ऑगस्ट, बुधवार

धाकटे,

उद्या सुई. आज सुट्टी टाकलीय, घरात कुणी नाही. आज लिहिलं नाही तर मी कधीच लिहिणार नाही.

आईला छातीचा कॅन्सर होता.

पोटाचं दुखणं नव्हतं. पोटाचं दुखणं मी आणि आईने मिळून बनवलेलं होतं. शेजाऱ्यांना तेच सांगितलं, नातेवाइकांना तेच, तुलाही तेच. इतकी वर्षं तेच सांगून सांगून माझ्या जिभेला वळण पडलंय. म्हणून तर नर्सने विचारल्यावर "नाही" निघालं. विचारसुद्धा करावा लागला नाही.

तुझं आधीचं दोनदा गेलेलं, त्या वेळी सहावा महिना लागला होता आणि तुला डॉक्टरांनी झोपूनच राहायला सांगितलं होतं. आईच्या डाव्या बाजूला गाठ निघाली. तिने ती महिनोन्‌महिने मलाही सांगितली नव्हती. मला सांगितलं ते कपाटात कपडे लावता लावता, पाठ करून. आणि लगेच म्हणाली, "धाकटीला कळता कामा नये. तिचं पोटातलं जाईल. सांगितलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील." मी हो म्हटलं. तिच्यापुढे नाही म्हणायची कुणाची टाप होती?

ऑपरेशन करून डावी बाजू काढली. पाच आठवड्यांनी तिने हट्टच धरला की तुला बघून यायचं. मग मी आणि तिने बसून तिच्या कपड्यांना आतून कापसाची गादी शिवली. उजव्या बाजूचं माप घेऊन, तिच्याच मशीनवर. तीन वेळा उसवली, तेव्हा कुठे दोन्हीकडे सारखं दिसायला लागलं. आई आरशासमोर वळून वळून बघत म्हणाली, "तू माझ्यापेक्षा सफाईने शिवतेस गं." मला किती आनंद झाला होता, सांगू नये एवढा.

ती तुझ्याकडे चार दिवस राहिली. तू तिला घट्ट मिठी मारलीस तेव्हा ती कळवळली, आणि तुला सांगितलं की खांदा लचकलाय. तू तिच्या खांद्याला तेल लावून दिलंस, उजव्या. डावीकडे तुझा हात जाऊ नये म्हणून तिने उजवा सांगितला होता. परत आल्यावर हे सांगताना ती हसली आणि मग रडली.

आता दाराचं.

तू दोन महिन्यांची लेक घेऊन आलीस तेव्हा आई जाऊन तीन तास झाले होते. तू तिचे आवडते कपडे आणले होतेस, तुला तुझ्या हाताने घालायचे होते. मी खोलीला आतून कडी घातली. तू दारावर थापा मारत होतीस, "ताई, माझी पण आई आहे ती, उघड." मी आत तिचे कपडे बदलत होते. तू ओरडलीस, "उघड, नाहीतर आयुष्यात तुझं तोंड बघणार नाही." मी नाही उघडलं. छातीवर एका बाजूला काही नव्हतं आणि दुसऱ्या बाजूला जे झालं होतं ते तू बघू नयेस, एवढंच माझ्या डोक्यात होतं. दार उघडलं तेव्हा आई गळ्यापर्यंत झाकलेली होती. तू तिच्या चेहऱ्याला हात लावलास आणि माझ्याकडे न बघता निघून गेलीस.

नंतर का नाही सांगितलं, असं तू विचारशील. आधी म्हटलं बाळंतीण आहे. मग म्हटलं मूल लहान आहे. मग म्हटलं सासरी कळलं तर लेकीच्या लग्नापर्यंत बोलतील. ही सगळी कारणं खरी आहेत आणि एकही खरं नाही. खरं सांगू? शेवटचे पाच-सहा महिने आई फक्त माझी होती. तिचं दुखणं, तिची जखम, तिची रात्रीची कण्हणी, सगळं माझं. तुला सांगितलं असतं तर ते अर्धं तुला द्यावं लागलं असतं. मी कंजूषपणा केला. तुझे भावजी तिला दवाखान्यात नेत-आणत होते, त्यांना सगळं माहीत होतं. दर वर्षी म्हणायचे, "सांग तिला, तिला पण तपासून घ्यावं लागेल." मी त्यांच्यावर खेकसायचे.

आणि मीसुद्धा अकरा वर्षांत एकदाही तपासून घेतलं नाही. घेतलं असतं तर का घेतेय ते सांगावं लागलं असतं.

तू एक्केचाळीस वर्षांची आहेस. उद्याच्या उद्या जा. माझ्यावरचा राग घेऊन जा, पण जा.

ताई


२० ऑगस्ट, गुरुवार, संध्याकाळ

धाकटे,

झालं. डाव्या हाताखाली बर्फाची पिशवी धरून लिहितेय, अक्षराला हसू नकोस.

आधी बधिर करायचं इंजेक्शन, ते चरचरलं. नंतर दुखलं नाही, पण आवाज! कारखान्यात शर्टाला किमतीची चिठ्ठी लावायचं पिस्तूल असतं, तसा खटॅक. नर्स आधी सांगायची, "आता आवाज येईल हं," तरी दर वेळी मी दचकायचे. सहा वेळा. पाचव्या वेळी मी म्हटलं, "पुरे ना, शिल्लक ठेवा थोडं." नर्स हसली, डॉक्टरीणबाई हसली नाही. मग आत धातूची बारीकशी खूण सोडली, पुढे जागा सापडावी म्हणून. दहा मिनिटं नर्सने दोन्ही हातांनी दाबून धरलं. तिची बांगडी माझ्या बरगडीला लागत होती, पण मी बोलले नाही. किती वर्षांत कुणी मला एवढं घट्ट धरलं नव्हतं.

कपडे घालून मी खिडकीवर गेले. कारकुनाला म्हटलं, माझा जूनचा फॉर्म काढा, त्यात चूक आहे. तो म्हणतो, "आता काय फरक पडतो बाई?" मी आवाज चढवला. कारखान्यात नोंद चुकली तर आम्ही खाडाखोड करत नाही, एक रेघ मारतो, बाजूला खरं लिहितो आणि सही करतो. म्हटलं, तसं करू द्या, नाहीतर मी इथून हलत नाही. रांगेतली माणसं बघायला लागली. शेवटी डॉक्टरीणबाई बाहेर आली आणि मला आत घेऊन गेली.

मी सांगितलं. आई. डावी बाजू, मग उजवी. चौपन्नाव्या वर्षी. भावजींशिवाय कुणापुढे पहिल्यांदाच बोलले. तिने शांतपणे सगळं लिहून घेतलं. म्हणाली, हे जूनमध्ये कळलं असतं तर तुम्हाला दोन महिने थांबवलं नसतं. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

मग विचारलं, "बहीण आहे?"

"आहे. धाकटी. एक्केचाळीस."

"तिला आईचं माहीत आहे ना?"

आणि मी म्हटलं, "हो."

ऐकलंस? बाईसमोर नुकतं सगळं ओकून बसले होते, अंगावरचं रक्त अजून सुकलं नव्हतं, आणि तोंडातून "हो" गेलं. थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. पर्समध्ये तुला काल लिहिलेलं पत्र होतं, म्हटलं आत्ता टाकते, म्हणजे ते "हो" खरं होईल.

पोस्टाच्या खिडकीशी पोचले तेवढ्यात तुझ्या भावजींचा फोन आला. माझी आधीची दोन्ही पत्रं परत आलीत. सही घेऊन द्यायची म्हणून पाठवली होती ना. न उघडलेली. दोन्हींवर पोस्टमनने लिहिलंय, "घेण्यास नकार."

म्हणजे तू काहीच वाचलेलं नाहीस. मी वेड्यासारखी उत्तराची वाट बघत होते. हे तिसरं पाठवलं तर तेही असंच परत येईल, आतलं आतच राहील. काय करू गं? सांग ना, काय करू?

ताई


३१ ऑगस्ट, सोमवार

धाकटे,

हे पत्र मी पाठवणार नाही. पाचही एका पिशवीत घालून ठेवते. मागितलीस तर देईन.

रिपोर्ट आला. आहे. डॉक्टरीणबाईने कागद माझ्याकडे वळवला आणि बोट ठेवून वाचून दाखवलं. मला अक्षरं दिसत होती, पण लागत नव्हती. ९ तारखेला ऑपरेशन. सगळं काढायचं की थोडं, ते परवा ठरेल. पुढचं ती सांगत नाही, मी विचारत नाही. फक्त एवढं म्हणाली, "आई आणि आता तुम्ही, दोघी झाल्या. बहिणीने एक दिवससुद्धा थांबू नये. ती येतेय ना?" ह्या वेळी मी म्हटलं, "तिला माहीत नाही. मी खोटं बोलले होते." बाईने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

तुझे भावजी गाड्या उभ्या करतात तिथे जाऊन रडले. मला वाटतं मला दिसलं नाही असं त्यांना वाटतंय.

तुझ्याकडे येऊन दारात उभी राहिले असते. पण तू दार उघडणार नाहीस, आणि आतून कडी घातलेल्या दारावर मी कोणत्या तोंडाने थापा मारू? तुझ्या नवऱ्याला भावजींनी शनिवारी फोन केला. तो म्हणाला, "तिने तुमचं नाव काढायचं नाही असं सांगितलंय, मला मध्ये घेऊ नका," आणि ठेवला. पूर्ण वाक्यही बोलू दिलं नाही.

आज टेबलावर काम करता करता डोक्यात आलं. शर्टात चूक सापडली की आम्ही तिथे बाहेरून लाल बाण चिकटवतो. घडी करून आत चिठ्ठी ठेवली तर पुढे कुणी उघडून बघत नाही, म्हणून बाहेरून, लांबून दिसेल असा. दहा वर्षं मी हे करतेय आणि तुला मात्र पाकिटं बंद करून पाठवत होते.

साधं उघडं कार्ड आणलंय. नऊ कार्डं. उद्यापासून रोज एक टाकणार, ९ तारखेपर्यंत, सगळ्यांवर तेच. कार्ड घ्यायला नकार देता येतो, पण त्यावरचं दिसायचं ते दिसतंच.

भावजी म्हणाले, "अगं, पोस्टमन वाचेल, शेजारी वाचतील, तिची सासू वाचेल. पोरगी अकरा वर्षांची आहे, तिच्या हातात पडलं तर?" मी म्हटलं, वाचू देत. आईने ज्यांच्यापासून लपवलं त्या सगळ्यांनी वाचू दे. पोरीलाही कधीतरी लागणारच आहे हे. आईची शपथ मोडतेय, पण मोठं अक्षर काढलंय. लाल पेनाने.


१ सप्टेंबर, मंगळवार
उघडं कार्ड

आपल्या आईला छातीचा कॅन्सर होता. मी लपवलं. आता मलाही झालाय. तुला होऊ शकतो, आणि तुझ्या लेकीला मोठेपणी तपासत राहावं लागेल. लगेच दवाखान्यात जा आणि फॉर्मवर विचारतील तिथे "आई, बहीण" असं लिही. मला भेटू नकोस, उत्तर देऊ नकोस, नुसतं जा.

हे कार्ड ज्यांच्या हातात पडेल त्यांना हात जोडून विनंती. पोस्टमनदादा, सासूबाई, शेजारी, कुणीही असा, हे तिला मोठ्याने वाचून दाखवा.

ती नको म्हणेल. तरी वाचा.

ताई